फूल यादीत, शेतकरी पिंजऱ्यात, आपण सहलीत

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख भांडणाचा आहे. स्मरणिकेत सहसा आठवणी, प्रवासवर्णनं, पाककृती असतात आणि त्या मीही आवडीने वाचतो. पण गेल्या मे महिन्यात आमच्या सहलीच्या बसमध्ये जे बोलणं झालं त्याला तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. हातात कोणीतरी बाकरवडी ठेवली आणि मी गप्प बसलो. ते उत्तर आता इथे देतो.

झालं असं. नेहमीप्रमाणे मोहेरचे कडे बघून आम्ही बरेनमध्ये उतरलो. ज्यांनी बरेन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. क्लेअर काउंटीतला हा चुनखडीचा उघडा प्रदेश लांबून पाहिला तर वाटतं, इथे गवताचं पातंसुद्धा उगवत नसेल. जवळ जाऊन वाकून पाहिलं की खडकाच्या भेगाभेगांतून फुलं. आयर्लंडच्या मूळच्या वनस्पतींपैकी सुमारे सत्तर टक्के जाती या एवढ्याशा भागात सापडतात. मे महिन्यात जेन्शियन नावाचं निळं फूल येतं. तो निळा रंग मी दुसऱ्या कुठल्याच फुलात पाहिलेला नाही. सगळ्यांनी भरपूर फोटो काढले, पोरांनी उड्या मारल्या, आणि बस परत निघाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "हे शेतकरी एक दिवस हे सगळं संपवणार. गाई, खत, ट्रॅक्टर. आपल्याकडेही तेच. शेतकऱ्याला कसली आलीये निसर्गाची कदर?" त्यावर बरीच डोकी हलली. एकाने तर "शंभर टक्के" म्हणून टाळी दिली.

हे म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीचा प्रतिवाद करणं सर्वांत अवघड. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बरेनमधलं जेन्शियन तसं सुरक्षित फूल आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्याच एका फुलाबद्दल. इंग्रजीत त्याला 'स्मॉल-व्हाइट ऑर्किड' म्हणतात. ऑर्किडला आपला जुना मराठी शब्द आहे आमरी, म्हणून मी त्याला 'छोटी पांढरी आमरी' म्हणतो. नाव ऐकून फुलवाल्याच्या दुकानातली भलीमोठी जांभळी ऑर्किड डोळ्यांसमोर आणू नका. ही वीतभर उंचीची एक काडी. तिच्यावर दाटीने लागलेली, तांदळाच्या कणीहून थोडी मोठी, मलईच्या रंगाची, जेमतेम उघडणारी फुलं. नाक अगदी जवळ नेलं तर व्हॅनिलासारखा मंद वास. जून महिन्यात फुलते. न सांगता पायाखाली आली तर आपण तुडवून पुढे जाऊ, इतकी साधी.

ती मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखवली. देशाच्या वायव्येकडची काउंटी. ठिकाण मुद्दाम सांगत नाही, कारण दुर्मिळ ऑर्किडची जागा छापायची नाही हा इथल्या वनस्पती अभ्यासकांचा अलिखित नियम आहे आणि तो योग्यच आहे. आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे. डोंगरउताराला चार-पाच छोटी कुरणं, दगडी बांध, मोजकी गुरं. बांधाशी नेऊन काठीने दाखवलं. सात काड्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही हे जपता कसं?" ते म्हणाले, "मी काही जपत नाही. माझ्या वडिलांना खत परवडत नव्हतं, आणि मला परवडायला लागलं तोवर माझे गुडघे गेले होते." असं म्हणून ते मनापासून हसले. मग म्हणाले, "माझ्यानंतर मुलगा हे कुरण भाड्याने देईल. घेणारा पहिल्या वर्षी खत टाकेल. त्याला मी दोष देणार नाही."

त्या सात काड्यांचं काय होणार ते त्या एका वाक्यात ठरून गेलं.

आता सरकारदरबारी या फुलाला काय मान आहे तो बघा. आयर्लंडचा वन्यजीव कायदा १९७६ सालचा. त्याच्या एकविसाव्या कलमाखाली संरक्षित वनस्पतींची यादी जाहीर होते. पहिला आदेश १९८० साली निघाला, मग १९८७, १९९९, २०१५ आणि २०२२. आमची छोटी पांढरी आमरी त्या यादीत आहे. ती तोडणं, उपटणं, विकणं गुन्हा आहे. इतकंच काय, तिच्या वस्तीच्या जागेला जाणूनबुजून धक्का लावणंही गुन्हा आहे. शिवाय २०१६ साली आयर्लंडच्या वनस्पतींची 'लाल यादी' प्रसिद्ध झाली. त्यात १,२११ जाती तपासल्या गेल्या आणि १०६ जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचं निघालं. या फुलापुढे शेरा आहे 'असुरक्षित'. म्हणजे कायदा आहे, यादी आहे, शेराही आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कागदपत्रं अगदी पूर्ण आहेत.

आणि फूल मात्र कमी होत चाललंय. का?

कारण हे फूल कोणी तोडून नेत नाही. ते मरतं जमिनीखाली, आणि तिथे पोलीस जात नाही. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं असतं. त्यात कोंबाला पुरेल असा शिधा नसतो. जमिनीतली विशिष्ट बुरशी भेटली, तिने पोसलं, तरच ते रुजतं. ही सोयरीक गरीब जमिनीत जमते. जमिनीत नत्र आणि स्फुरद ओतलं की बुरशी बिथरते आणि वर रायगवत तरारून येतं. रायगवत म्हणजे इथल्या दुधाचं इंधन. ते गुडघाभर वाढलं की वीतभर फुलाला ऊनच मिळत नाही. स्फुरद तर जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. एका वर्षी टाकलेलं खत नातवंडांच्या काळापर्यंत त्या फुलाची वाट अडवून बसतं. म्हणजे त्या आजोबांचा भाडेकरू एका सकाळी ट्रॅक्टर फिरवून जे करेल ते निस्तरायला एक पिढी पुरणार नाही.

त्यात भर मुरघासाची. पूर्वी इथे गवत जुलैत कापून, वाळवून, गंजी लावायचे. जुलैपर्यंत बहुतेक रानफुलांचं बी पडून गेलेलं असायचं. गेल्या पन्नासेक वर्षांत वाळलेल्या गवताची जागा मुरघासाने घेतली. त्याची पहिली कापणी मे महिन्यात. पुन्हा स्लरी, म्हणजे गोठ्यातलं पातळ शेण-मूत, टाकायची आणि पुन्हा कापायचं. जून-जुलैत फुलणाऱ्याने बी धरायचं कधी?

हा बदल सगळीकडे झालेला आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या वनस्पतींची वीस वर्षं पाहणी करून हजारो हौशी अभ्यासकांनी तयार केलेला नकाशासंग्रह २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयर्लंडच्या मूळ वनस्पतींपैकी ५६ टक्के जाती १९५० च्या दशकापासून घटल्या आहेत. २०१९ साली आयर्लंडने युरोपीय संघाला दिलेल्या अहवालात संरक्षित अधिवासांपैकी ८५ टक्के वाईट अवस्थेत होते, आणि त्यानंतरच्या अहवालानेही काही दिलासा दिलेला नाही. या सुंदर हिरव्या देशाचा हिरवा रंग बऱ्याच ठिकाणी एकाच जातीच्या गवताचा आहे. विमानातून उतरताना आपण "काय हिरवंगार!" म्हणतो ना, ते हेच.

इथवर वाचून मागच्या बाकावरचा मित्र म्हणेल, "मग मी काय वेगळं बोललो? शेतकरीच संपवतोय ना?"

थांबा. शेतकऱ्याच्या हातात खताची गोणी दिली कोणी ते पाहू.

१९७३ साली आयर्लंड युरोपच्या सामाईक बाजारात आला. त्याआधीपासून आणि त्यानंतर कित्येक वर्षं सरकारी माणूस दारात येऊन सांगायचा, ही जमीन वाया गेलेली आहे, निचरा करा, सपाट करा, खत टाका, अनुदान आम्ही देतो. जो करी तो प्रगतिशील, जो न करी तो आळशी. पुढे अनुदान जमिनीच्या क्षेत्रावर मिळू लागलं. त्यातही झुडपं, काटेरी गचपण वगैरे 'अपात्र' ठरून तेवढे पैसे कापले जात. म्हणजे रानाला जागा ठेवली तर दंड आणि साफ केली तर बक्षीस. मग २०१५ साली दुधाच्या कोट्याची मर्यादा उठली. त्याआधी पाच वर्षं सरकारनेच उत्पादनवाढीची उद्दिष्टं जाहीर केली होती. २०१० साली देशात सुमारे ११ लाख दुभत्या गाई होत्या, त्या २०२२ पर्यंत १६ लाखांच्या घरात गेल्या. इथल्या दुधाच्या मालापैकी जवळजवळ ९० टक्के निर्यात होतो. आणि २०१२ पासून हाच माल 'हिरवा' म्हणून जगभर मिरवण्याची सरकारी मोहीमही चालू आहे.

याच देशाच्या संसदेने मे २०१९ मध्ये हवामान आणि जैवविविधतेची आणीबाणी जाहीर केली. एका हाताने आणीबाणी आणि दुसऱ्या हाताने उद्दिष्ट. मधे सापडला शेतकरी. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता बरेनकडे परत येऊ, कारण माझा मुख्य साक्षीदार तिथे आहे. बसमधल्या मित्राला वाटलं की बरेनमधली फुलं शेतकऱ्यांच्या तावडीतून कशीबशी वाचली आहेत. प्रत्यक्षात ती शेतकऱ्यांमुळे आहेत. जगभर गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात आणि थंडीत खाली आणतात. बरेनमध्ये उलटं चालतं. चुनखडी उन्हाची ऊब धरून ठेवते आणि जमीन कोरडी असते, म्हणून गुरं हिवाळ्यात वर चरतात. त्याला 'विंटरेज' म्हणतात. ती वाळलेलं जुनं गवत खाऊन फुलांसाठी जागा मोकळी करतात आणि फुलायच्या दिवसांत खाली निघून जातात. ही चराई जिथे बंद पडली तिथे हेझलची झुडपं माजली आणि त्यांच्याखाली फुलं गुदमरली.

हे तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊकच होतं. संशोधकांना ते नीट कळलं तेव्हा एक चांगली गोष्ट घडली. ब्रेंडन डनफर्ड या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून योजना आखली. २००५ ते २०१० या काळात वीस शेतांवर प्रयोग झाला, पुढे योजना वाढत जाऊन २०१६ नंतर तीनशेहून जास्त शेतं तिच्यात आली. पद्धत सोपी होती. दरवर्षी प्रत्येक कुरणाला दहापैकी गुण द्यायचे. फुलं, गवत, पाणी, झुडपं, सगळं पाहून. जितके गुण जास्त तितके पैसे जास्त. काय करायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं, साहेबाने फक्त निकाल पाहायचा. शेतकरी शेजाऱ्याला विचारू लागले, "तुझ्या कुरणाला किती? माझ्याला आठ." ज्या माणसाचं कुरण 'वाया गेलेलं' म्हणून हिणवलं जायचं तोच पहिल्या नंबरात आला.

आम्ही मे महिन्यात जाऊन ज्या निळ्या फुलांचे फोटो काढले त्यांच्यासाठी कोणीतरी जानेवारीच्या वाऱ्यापावसात त्या खडकांवर गुरं सांभाळली होती. आणि आम्ही परतीच्या बसमध्ये त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

ही चूक आपण घरीही केलेली आहे. साताऱ्याजवळचं कास पठार आठवा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दी लोटली, तेव्हा फुलं वाचवायची म्हणून कुंपण आलं आणि गुरांना बंदी झाली. शतकानुशतकं तिथे गुरं चरत होती आणि फुलं फुलत होती, याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे गवत माजतंय, फुलं कमी दिसताहेत अशी ओरड झाली आणि कुंपण काढायची वेळ आली. बरेन आणि कास यांच्यामध्ये हजारो मैलांचं अंतर आहे, दगड वेगळा, पाऊस वेगळा, पण धडा एकच. गुराख्याला हाकलून फुलं वाचत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडी लाज वाटते. पण दुसऱ्यांच्या चुकांवर एवढं लिहून स्वतःची लपवणं बरं नव्हे.

आमचं गाव जावळी तालुक्यात. गावावर एक सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या खडकाचा उघडा माळ. त्यातले काही एकर सातबारावर माझ्या आणि दादाच्या नावावर. आजोबांच्या काळी तिथे फक्त गुरं चरायची. गणपतीच्या आधी आम्ही पोरं तिथून गौरीसाठी फुलं आणायचो. गेंद, सोनकी, तेरडा, आणि एक उंच पांढरी आमरी, तिला आजी हात लावू द्यायची नाही. "ती देवाची, असू दे तिथंच" एवढंच म्हणायची. कारण विचारलं तर तिलाही सांगता आलं नसतं.

काही वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. "सड्यावर माती टाकून स्ट्रॉबेरी करायची म्हणतोय. जेसीबीवाला तयार आहे. तुझी संमती लागेल." मी विचारलं, "किती सुटतील?" त्याने आकडा सांगितला. मी म्हटलं, "कर बाबा, तिथं नाहीतरी काय उगवतंय?" हेच शब्द. वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्रावर सही केली, येताना कॉफी प्यायलो. सगळं मिळून अर्धा दिवस लागला.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा सड्यावर काळं प्लास्टिक अंथरलेलं होतं. दादाने कौतुकाने पहिली स्ट्रॉबेरी हातात ठेवली. गोड होती. त्या पैशांवर पुतणीचं इंजिनिअरिंग झालं, हेही खरं आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. दादाला मी दोष देऊच शकत नाही. त्याला त्या सड्याचे स्ट्रॉबेरीवाचून कोणी एक रुपया देणार नव्हतं. पण मी? मी डब्लिनमध्ये बसून, पगार घेऊन, निसर्गावरचे माहितीपट बघून म्हटलं, "तिथं काय उगवतंय?" आयर्लंडमधल्या त्या आजोबांनी सात काड्या दाखवल्या तेव्हा मला आजी आठवली आणि माझी सही आठवली.

म्हणून बसमधल्या मित्रांनो, शेतकऱ्याला निसर्गाची कदर नाही असं म्हणताना जपून. ज्याला कदर करण्याचे पैसे मिळत नाहीत आणि न करण्याचे मिळतात, तो काय करेल? तुम्ही-मी काय केलं असतं? मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

आता तीन आक्षेप येतील, त्यांनाही उत्तर देतो.

पहिला : "एवढ्याशा फुलाने असं काय होणार आहे? माणसांना खायला नको?" हवंच. हा देश १८४५ च्या बटाट्याच्या रोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळाने होरपळलेला आहे, इथे भुकेची थट्टा कोणी करू नये. पण त्या दुष्काळाने दुसरीही गोष्ट शिकवली. गरिबांचं सगळं पोट एकाच पिकावर, तेही बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर अवलंबून होतं. रोग आला आणि सगळं एकदम गेलं. एकाच गवताच्या देशाने हे विसरू नये. आणि कोणी सगळी कुरणं रानाला द्या म्हणत नाही. खत न पडलेली जी थोडी उरली आहेत, तेवढी तशी राहू द्या, एवढंच मागणं आहे.

दुसरा : "मग कायदा कडक करा." कायदा असायलाच हवा. पण त्या आजोबांच्या शेतावर उद्या नोटीस लावली तर काय होईल? शेजारचा शेतकरी आपल्या बांधाजवळ पांढरी काडी दिसली की कोणी बघायच्या आत ती नांगराखाली घालेल, कारण फूल म्हणजे कटकट. फूल सापडणं ही शेतकऱ्याला लॉटरी वाटली पाहिजे. जुन्या काळी भीतीने काम केलं. आपल्याकडे देवराईत कोणी कुऱ्हाड नेत नसे, आणि इथे परीराणीच्या गोल टेकाडांना आणि एकट्या हॉथॉर्नच्या झुडपाला शेतकरी हात लावत नसे. १९९९ साली क्लेअरमध्ये लाटून इथे रस्त्याच्या आड येणारं असंच एक झुडूप, एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवल्यावर, वाचवलं गेलं. पण ती भीती आता दोन्ही देशांत विरत चालली आहे. तिच्या जागी आपण यादी आणून ठेवली. यादीला ना कोणी भितं, ना तिच्याने कोणाचं घर चालतं.

तिसरा आक्षेप सर्वांत चलाख : "आपण इथे पाहुणे. या लोकांच्या शेतीत आपण कशाला तोंड घालायचं?" वीस वर्षं राहून, घर घेऊन, पोरं इथल्या शाळेत घालून आपण पाहुणे कसले? दूध रोज पितो, लोणी खातो, बरेनचे फोटो भारतात पाठवतो, तेव्हा पाहुणे नसतो. आणि कित्येकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो, आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. इथे राहत असाल आणि यादीत नाव नोंदवलं असेल तर पुरे. रस्त्याच्या कडेला तणनाशक फवारायचं की नाही, उद्यानातलं गवत कधी कापायचं, हे तीच काउन्सिल ठरवते. २०२४ च्या निवडणुकीत आपल्यापैकी कितीजणांनी मत दिलं? मी त्याआधीच्या दोन्ही वेळा दिलं नव्हतं, हेही कबूल करून टाकतो.

मग करायचं काय? फार मोठं काही सांगत नाही.

एक : निकालावर पैसे देण्याची बरेनची पद्धत २०२३ पासून देशभरच्या 'एकर्स' या नव्या योजनेत काही भागांपुरती आणली गेली. पण सुरुवातीलाच अनेक शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने रखडले. फुलासाठी राबवून घ्यायचं आणि पैसे द्यायला उशीर करायचा, यासारखा फुलाचा दुसरा शत्रू नाही. युरोपचा निसर्ग पुनरुज्जीवनाचा कायदा २०२४ साली लागू झाला, आणि त्याप्रमाणे प्रत्येक देशाने आपली योजना आखायची आहे. दारात मत मागायला येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "कुरण राखणाऱ्याचे पैसे वेळेवर मिळणार का?" आपल्या तोंडून हा प्रश्न आला तर तो चमकेल आणि लक्षात ठेवेल.

दोन : आपापल्या घराच्या मागे जो हिरवा गालिचा आहे त्यावर खत-तणनाशक ओतणं थांबवा. शेतकरी निदान पोटासाठी टाकतो. आपण कशासाठी टाकतो? शेजाऱ्याच्या लॉनला लाजवण्यासाठी. मे महिन्यात यंत्र गॅरेजमध्ये राहू द्या. पिवळी फुलं आली तर येऊ द्या, मधमाश्या तुम्हाला दुवा देतील.

तीन : मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती. पुढच्या वर्षीची सहल मे महिन्यात न नेता ऑक्टोबरच्या अखेरीस न्या. तेव्हा बरेनमध्ये गुरं डोंगरावर नेण्याचा उत्सव असतो, पोरंबाळं, म्हातारेकोतारे गुरांमागून चालत जातात. तेव्हा फुलं नसतील. फुलं ज्यांच्यामुळे येतात ती माणसं असतील. त्यांच्याशी हात मिळवा. थेपले न्या, त्यांना आवडतील.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : ज्यांच्या नावावर गावी माळ, सडा, गायरानालगतचा तुकडा आहे, त्यांनी पुढच्या वेळी संमतीपत्र आलं की सही करण्याआधी एक प्रश्न विचारावा. "तिथं काय उगवतं?" पावसाळ्यात एकदा फोटो मागवा. आणि जमीन तशीच ठेवायची असेल तर गावातल्या भावाने तोटा का सोसायचा? त्याला त्याचा वाटा आपण द्या. एका विमानाच्या तिकिटाहून तो फार जास्त नसेल.

माझा सडा आता परत येणार नाही. एकदा माती पडली की खालचा खडक उघडा होत नाही, आणि दादाला ते करायला सांगण्याचं तोंड मला नाही. पण सड्याचा शेवटचा दीड एकराचा तुकडा, कड्याकडचा, अजून शिल्लक आहे. तिथपर्यंत जेसीबी पोचत नाही म्हणून. मागच्या दिवाळीत दादाला फोन करून म्हटलं, "तो तुकडा राहू दे. वर्षाला काय सुटलं असतं ते मी पाठवतो." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला आजीची ती पांढरी फुलं आठवली का रे? तिकडं अजून येतात."

शेतकऱ्याला कदर नसते, नाही का?